पाहुण्याचा पगार

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



आपल्या या हैदराबाद शहराच्या पश्चिमेला, उस्मानसागर तलावाच्या काठी, चिलकूर येथे बालाजीचे एक जुने देवस्थान आहे. नवस बोलताना अकरा प्रदक्षिणा घालाव्यात आणि नवस फळाला आला म्हणजे एकशे आठ, असा तेथला रिवाज. देवळात दानपेटी नाही, हेही तेथले एक वैशिष्ट्य. गेल्या शतकाच्या अखेरीपासून लोकांनी या देवाला ‘व्हिसा बालाजी’ असे एक नवे नाव दिले. हातातल्या छापील कागदावर फेऱ्यांच्या खुणा करीत झपझप चालणारी तरुण मुले-मुली तेथे दिसतात. त्यांतली काही आपल्या मराठी घरांतलीही असतात. त्यांचे मागणे बहुधा एकच, अमेरिकेचा परवाना. तेथे पगार किती मिळेल याची चौकशी त्यांनी केलेली असते आणि आलेल्या आकड्याला त्या दिवशीच्या रुपयाच्या भावाने गुणूनही झालेले असते. परंतु तो पगार तेथे शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या अमेरिकन माणसाच्या पगाराशी ताडून पाहिला तर कमी भरेल की जास्त, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. अमेरिकेत मात्र गेली तीस-पस्तीस वर्षे हाच प्रश्न काँग्रेसच्या समित्यांपुढे, न्यायालयांत आणि अर्थशास्त्रज्ञांच्या नियतकालिकांत वादाचा होऊन राहिला आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

मराठी ग्रंथालयात संगणकवाल्यांच्या पगाराची चर्चा कशाला, असे कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण ‘पगार’ हा शब्दच मुळी मराठीत पाहुणा म्हणून आलेला आहे. तो पोर्तुगीजांच्या संगतीने कोकणच्या किनाऱ्यावर उतरला आणि हळूहळू घाट चढून सगळ्या महाराष्ट्राचा झाला. ‘तनखा’ आणि ‘मुशाहिरा’ हे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने दरबारात शिरले. निजामी अमलात आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी तेच होते. ‘वेतन’ तेवढे संस्कृतातले, आणि कदाचित म्हणूनच ते केवळ कागदोपत्री राहिले. दुसरा शब्द ‘अतिथी’. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी त्याची परंपरागत फोड सांगतात. अमेरिकेने ज्या कुशल परदेशी कामगारांना दार उघडले त्यांच्या बाबतीत ही फोड नेमकी उलटी होते. त्यांची येण्याची तिथी ठरलेली आणि जाण्याचीही. पहिला परवाना तीन वर्षांचा, पुढे आणखी तीन वर्षांची वाढ, म्हणजे सारी सहा वर्षे. ‘पाहुणा कामगार’ हा शब्दप्रयोग दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीने इटली, तुर्कस्तान वगैरे देशांतून कारखान्यांसाठी माणसे आणली तेव्हा जगभर रुळला. अमेरिकेतला पाहुणा कारखान्यातला नाही. तो पदवीधर आहे, इंग्रजी जाणतो आणि संगणकापुढे बसतो. फरक एवढाच.

या परवान्याचे नाव एच-वन-बी. त्याचे मूळ १९५२ च्या कायद्यात असले तरी आजचे रूप १९९० च्या कायद्याने आले. त्या कायद्याने वर्षाला ६५,००० नव्या परवान्यांची मर्यादा घातली. नव्वदीच्या दशकात सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहिण्याची जुन्या संगणकांची सवय अंगाशी येणार असे दिसू लागले आणि २००० साल उजाडण्यापूर्वी जुन्या आज्ञावलींच्या लक्षावधी ओळी तपासण्याची घाई उडाली. आपल्या अमीरपेठेत संगणकाचे वर्ग गल्लोगल्ली निघाले ते याच सुमारास. १९९८ मध्ये ही मर्यादा वाढली, २००० च्या कायद्याने ती तीन वर्षांसाठी १,९५,००० वर गेली आणि मुदत संपताच पुन्हा ६५,००० वर आली. २००४ मध्ये अमेरिकन विद्यापीठांतून उच्च पदवी घेतलेल्यांसाठी २०,००० ची जास्तीची सोय झाली. विद्यापीठे व संशोधनसंस्था या मर्यादेबाहेर आहेत. अलीकडच्या वर्षांत मंजूर होणाऱ्या एकूण अर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक भारतीयांचे असतात.

पाहुणा स्वस्तात आणून घरच्या माणसाला देशोधडीला लावू नये, याची काळजी कायद्याने घेतलेली आहे, निदान कागदावर. मालकाने परदेशी माणसाला नेमण्यापूर्वी श्रमखात्याकडे एक प्रतिज्ञापत्र भरावयाचे असते. त्यात तो दोन वेतनांची हमी देतो. आपल्याच संस्थेत तशाच पात्रतेच्या माणसाला आपण जे देतो ते पहिले. त्या भागात त्या कामाला जे प्रचलित वेतन आहे ते दुसरे. या दोहोंत जे जास्त असेल ते पाहुण्याला द्यावयाचे. वाचताना वाटते की प्रश्नच मिटला. पण ‘प्रचलित’ या शब्दाशी थोडे थांबले पाहिजे.

समजा, एका शहरातल्या शंभर प्रोग्रामरांना पगाराच्या क्रमाने एका रांगेत उभे केले, सर्वांत कमी पगाराचा पहिला आणि सर्वांत जास्त पगाराचा शंभरावा. सामान्य माणूस प्रचलित वेतन म्हणजे पन्नासाव्याचा पगार असे समजेल. कायद्याने मात्र चार पायऱ्या पाडल्या आहेत. नवशिक्यासाठी जी पहिली पायरी आहे ती साधारणपणे रांगेतल्या सतराव्या माणसापाशी पडते, दुसरी चौतिसाव्यापाशी, तिसरी पन्नासाव्यापाशी, आणि पुरत्या अनुभवी माणसाची चौथी सदुसष्टाव्यापाशी. म्हणजे पहिल्या पायरीवर नेमलेल्या पाहुण्याला रांगेतल्या त्र्याऐंशी जणांपेक्षा कमी पगार दिला तरी तो कायद्याच्या भाषेत ‘प्रचलित’च ठरतो. कोणती पायरी लागू, हे कामाच्या वर्णनावरून प्रथम मालकच लिहितो. श्रमखात्याने त्या कागदावर सात कामाच्या दिवसांत शिक्का मारावयाचा असतो. कागद पूर्ण भरला आहे ना आणि उघड चूक नाही ना, एवढेच पाहावयाचे. डॅनियल कोस्टा आणि रॉन हिरा या अभ्यासकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे दाखविले की, २०१९ मध्ये मंजूर झालेल्या जागांपैकी साठ टक्के जागा पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवरच्या होत्या. त्यावर उद्योगांचे म्हणणे असे की, पायरी हा तळ आहे, प्रत्यक्ष पगार त्याहून वर असतो. काही मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत ते खरेही आहे.

मग प्रत्यक्ष पगार किती? २०२४ च्या सरकारी वर्षात मंजूर झालेल्या एच-वन-बी धारकांच्या वेतनाचा मध्य वर्षाला सुमारे १ लाख २० हजार डॉलर होता. त्याच वर्षी अमेरिकेतील संगणकविषयक सर्व व्यवसायांतील कामगारांच्या वेतनाचा मध्य सुमारे १ लाख ६ हजार होता. पाहुणा पुढे गेला. परंतु त्या सर्व व्यवसायांत यंत्रे दुरुस्त करणारे आणि फोनवरून मदत करणारे मदतनीसही येतात. केवळ सॉफ्टवेअर लिहिणारे घेतले तर मध्य १ लाख ३३ हजारांच्या आसपास जातो. पाहुणा मागे पडला. शिवाय पाहुण्यांत तीनांतला एक जण संगणकवाला नसून डॉक्टर, प्राध्यापक वा अन्य क्षेत्रातला असतो. आकडे सगळे सरकारी आणि प्रामाणिक आहेत. तागडीच्या दुसऱ्या पारड्यात कोणाला बसविले, यावर निकाल फिरतो.

अभ्यासकांची भांडणे नेमकी या दुसऱ्या पारड्याची आहेत. सुनील मिठास आणि हेन्री ल्युकस या मेरिलँड विद्यापीठाच्या दोन अध्यापकांनी २००० ते २००५ या काळातल्या पन्नास हजारांहून अधिक संगणकव्यावसायिकांचे पगार तपासले आणि शिक्षण, अनुभव वगैरे सारखे धरून पाहता परदेशी माणसाला अमेरिकन नागरिकापेक्षा थोडे जास्तच मिळते, असा निष्कर्ष २०१० मध्ये मांडला. परवान्यांची मर्यादा आवळली गेली की ही वाढ मोठी होते, हेही त्यांना आढळले. म्हणजे माल दुर्मिळ झाला की भाव चढतो, हा मोंढ्यातला नियम येथेही लागू. याच्या उलट कॅलिफोर्नियातील संगणकशास्त्राचे प्राध्यापक नॉर्मन मॅट्लॉफ अनेक वर्षे सांगत आले की, बचत दोन प्रकारची असते. सारख्याच पात्रतेच्या परदेशी माणसाला कमी देणे ही पहिली. पण खरी बचत दुसरी, पंचेचाळीस वर्षांच्या महागड्या अमेरिकनाऐवजी सत्तावीस वर्षांचा परदेशी तरुण घेणे. एच-वन-बी धारकांत पंचवीस ते पस्तिशीच्या आतले बहुसंख्य असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या मुद्द्याचे वजन कळते. सत्तावीस वर्षांचा सत्तावीस वर्षांच्याशी ताडला तर फरक दिसत नाही. आणि ज्याची खुर्ची गेली तो पंचेचाळीस वर्षांचा माणूस हिशेबात येतच नाही.

एक तिसरा हिशेब बाउंड, खन्ना आणि मोरालेस या तिघांनी २०१७ मध्ये मांडला. परदेशी संगणकतज्ज्ञ नव्वदीच्या दशकात आलेच नसते तर काय झाले असते? त्यांच्या गणितानुसार २००१ मध्ये अमेरिकन संगणकतज्ज्ञांचे पगार २.६ ते ५.१ टक्के जास्त असते आणि त्या क्षेत्रातल्या अमेरिकनांची संख्या ६.१ ते १०.८ टक्क्यांनी अधिक असती. पण त्याबरोबर संगणकीय वस्तू महाग झाल्या असत्या आणि एकंदर ग्राहकाचा तोटा झाला असता. एका घरातल्या कारकुनाचे चार-पाच टक्के गेले, तर शंभर घरांत संगणक थोडा स्वस्त आला. ज्याचे चार-पाच टक्के गेले त्याला ही बेरीज सांगून त्याचे समाधान होईल, असे मात्र दिसत नाही.

ही झाली सरासरीची गोष्ट. आता एकाच टेबलापाशी बसलेल्या दोन माणसांकडे वळू. २०१४-१५ च्या सुमारास फ्लोरिडातील एका विख्यात करमणूक कंपनीतल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील एका वीज कंपनीतल्या संगणकविभागाच्या शेकडो कर्मचाऱ्यांना निरोप देण्यात आला. काम बाहेरच्या ठेकेदार कंपन्यांकडे गेले. जाण्यापूर्वी काही आठवडे आपले काम नव्या माणसाला समजावून देणे, ही अनेकांच्या बाबतीत निरोपाच्या रकमेची अट होती. संगणकव्यवसायात याला ‘नॉलेज ट्रान्सफर’ म्हणतात. आपल्याकडची मुले नुसते ‘केटी’ म्हणतात. समोर बसून केटी घेणारे बरेचसे परवान्यावर आलेले भारतीय होते. प्रकरण सिनेटच्या समितीपुढे गेले, न्यायालयातही गेले. फ्लोरिडातल्या माणसांनी घातलेले दावे २०१६ मध्ये फेटाळले गेले.

ते का फेटाळले गेले, हे समजण्यासाठी कायद्याची बांधणी पाहिली पाहिजे. टेबल एक होते, पण मालक दोन होते. निघून जाणारा माणूस करमणूक कंपनीचा नोकर. येणारा ठेकेदार कंपनीचा. ‘आपल्या संस्थेत तशाच माणसाला जे देता ते द्या’ ही जी पहिली हमी, ती ठेकेदाराच्या इतर नोकरांशी तुलना करते, आणि ठेकेदाराचे इतर नोकर बहुतांशी पाहुणेच असतात. म्हणजे निघून जाणाऱ्याचा पगार त्या प्रतिज्ञापत्रात कोठेच येत नाही. ज्या कंपन्यांत पाहुण्यांचे प्रमाण फार मोठे आहे त्यांच्यासाठी ‘घरच्या माणसाला हटविणार नाही’ अशी एक जादा अट १९९८ मध्ये घातली होती. पण पाहुण्याला वर्षाला ६०,००० डॉलर दिले किंवा तो उच्च पदवीधर असला तर ती अट सुटते. तो ६०,००० चा आकडा १९९८ पासून तसाच आहे. महागाईचा हिशेब केला तर आज तो लाखाच्या वर जावयास हवा होता. कायद्यातला एखादा आकडा गोठवून ठेवणे ही कायदा मोडण्याची सर्वांत सभ्य रीत असावी.

येथे पाहुण्यावर रोष धरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. केटी घेणारा मुलगा त्या टेबलावर काही स्वतःहून जाऊन बसलेला नसतो. लहान सल्लागार कंपन्यांच्या मार्फत गेलेल्यांची स्थिती तर आणखी अवघड. जेथे काम चालते ती कंपनी तासाचा जो दर देते त्यातून मधल्या एक-दोन दलालांचा वाटा जातो. सत्तर-तीस, ऐंशी-वीस अशा वाटण्या या धंद्यात उघडपणे बोलल्या जातात. दोन कामांच्या मधल्या काळाला ‘बेंचवर बसणे’ म्हणतात. त्या काळातही पगार दिलाच पाहिजे, असे कायद्याने १९९८ मध्ये बजावले. तो सर्वत्र मिळतो असे कोणी म्हणणार नाही. कायद्याचा हातच न पोहोचलेला प्रकार २०१४ मध्ये उघडकीस आला. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे एका कंपनीने आपल्या बंगळूरच्या कचेरीतून आठ जणांना संगणकयंत्रणा बसविण्यासाठी नेले, आठवड्याला १२२ तासांपर्यंत राबविले आणि त्यांचा पगार भारतातल्या दरानेच, रुपयांत, चालू ठेवला. तासाला तो १.२१ डॉलर पडत होता. श्रमखात्याने थकलेल्या पगारापोटी चाळीस हजारांहून अधिक डॉलर द्यावयास लावले आणि दंड केला तो साडेतीन हजारांचा. त्याच कंपनीच्या अंतर्गत बदलीसाठी असलेला एल-वन नावाचा एक निराळा परवाना आहे. त्याला प्रचलित वेतनाची अटच नाही.

पगाराच्या चिठ्ठीवर न दिसणारे आणखी एक अंतर आहे. पाहुण्याच्या पगारातून सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतनासाठी ६.२ टक्के कापले जातात, घरच्या माणसाइतकेच. हे निवृत्तिवेतन मिळण्यासाठी चाळीस तिमाह्या, म्हणजे दहा वर्षे, वर्गणी भरावी लागते. पाहुण्याची मुदत सहा वर्षांची. मुदत संपवून परत आलेल्याची ती वर्गणी बहुधा तेथेच राहते, कारण दोन देशांच्या वर्गण्या एकत्र जोडण्याचा करार अमेरिकेने अनेक देशांशी केला असला तरी भारताशी केलेला नाही. भारत सरकार ही मागणी वर्षानुवर्षे करीत आले आहे. म्हणजे दोघांचा पगार आकड्याने अगदी सारखा असला तरी एकाच्या ६.२ टक्क्यांचे म्हातारपण होते आणि दुसऱ्याच्या ६.२ टक्क्यांचे काहीच होत नाही.

आणि आता मूळ मुद्दा. पाहुणा घासाघीस का करीत नाही? हुशारीत तो कमी नाही आणि पैशाचे मोलही तो जाणतो. याचे उत्तर शोधताना आपल्याच शहराच्या इतिहासातले एक पान आठवते. पहिल्या सालारजंगाने राज्याची घडी नव्याने बसविली तेव्हा उत्तर हिंदुस्थानातून कुशल अंमलदार बोलावले. लखनौहून सय्यद हुसेन बिलग्रामी आले. मिर्झापूरला इंग्रजी अमलात डेप्युटी कलेक्टर असलेले मेहदी अली आले, ते पुढे मोहसिन-उल-मुल्क झाले. हे त्या काळचे कुशल पाहुणेच. त्यांचे मुशाहिरे दांडगे होते आणि स्थानिक लोकांना ते खुपत होते. मुलकी आणि गैरमुलकी हा आपल्याकडचा वाद तेथून वाढत गेला. तेव्हाची तक्रार अमेरिकेतल्या तक्रारीच्या नेमकी उलट होती. पाहुणा स्वस्त पडतो असे कोणी म्हणत नव्हते. तो महाग पडतो, हेच दुखणे होते. असे का? मेहदी अली हैदराबाद सोडून केव्हाही परत जाऊ शकत होते. इंग्रजी नोकरीचे दार त्यांना बंद नव्हते, आणि ते दिवाणालाही ठाऊक होते. पाहुणा निघून जाऊ शकतो म्हटल्यावर त्याची किंमत वाढते.

अमेरिकेतल्या पाहुण्याचा परवाना मालकाने काढलेला असतो. २००० पर्यंत दुसऱ्या मालकाकडे जाण्यासाठी नव्या अर्जाची मंजुरी येईपर्यंत थांबावे लागे. त्या वर्षीच्या कायद्याने नवा अर्ज दाखल होताच काम सुरू करण्याची मोकळीक दिली. हा मोठा बदल होता. पण दुसरी गाठ त्याहून घट्ट आहे. कायमच्या वास्तव्याचे, म्हणजे ग्रीन कार्डाचे, नोकरीच्या आधारे मिळणारे परवाने वर्षाला साधारण १ लाख ४० हजार. त्यांत कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त द्यावयाचे नाहीत, असा दंडक. सात टक्के म्हणजे ९,८००, आणि तेही बायका-मुले धरून. इतर देशांचे काही उरले तर ते जास्तीचे. एच-वन-बीला मात्र देशवार मर्यादा नाही. रांजणाचे तोंड रुंद आणि तोटी बारीक, अशी ही रचना आहे. आत शिरणाऱ्यांत सत्तर टक्के भारतीय, आणि पुढे सरकण्याच्या वाटेवर प्रत्येक देशाला सारखीच अरुंद फट. त्यामुळे भारतीयांची रांग दशकांवर गेली आहे. रांगेत असलेल्याचा सहा वर्षांनंतरही परवाना वाढवून मिळतो, पण तो ज्या मालकाने अर्ज केला त्याच्या नावाला बांधलेला राहतो. ठरावीक टप्पा गाठण्यापूर्वी नोकरी बदलली तर अर्जाचे बरेचसे सोपस्कार पुन्हा पहिल्यापासून. बढती घेऊन कामाचे स्वरूप बदलले तरी तीच भीती. शेजारचा अमेरिकन दुसरीकडे पंधरा टक्के जास्त मिळतात म्हणून राजीनामा खरडतो, तेव्हा आपला मुलगा मान खाली घालून काम करीत राहतो. त्या महिन्यात दोघांचा पगार सारखा असेल. पाच वर्षांनी नसेल.

नोकरी गेली तर काय, याचा अनुभव २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या आरंभी आला. संगणकक्षेत्रातल्या बड्या कंपन्यांनी त्या काही महिन्यांत हजारोंनी माणसे कमी केली. निरोपाचे पत्र सर्वांना सारखेच होते. घरच्या माणसाला त्यानंतर बेकारीचा भत्ता होता, आणि नवी नोकरी मिळेपर्यंत वाट पाहण्याची सवड होती. पाहुण्याला २०१७ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे साठ दिवस होते. त्या साठ दिवसांत नवा मालक शोधावयाचा, नाही तर भाड्याचे घर, मोटारीचा हप्ता, मुलांची शाळा हे सारे आवरून निघावयाचे. बायकोचा परवानाही त्याच्यावरच अवलंबून. एकोणसाठाव्या दिवशी आलेला पगाराचा प्रस्ताव कितीही कमी असला तरी तो नाकारण्याचे धैर्य कोण दाखवील?

तरीही मुले जातात, आणि त्यांना वेडे म्हणता येत नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या अमेरिकनाशी त्यांची तुलनाच नसते. त्यांची तुलना हैदराबादला मागे राहिलेल्या वर्गमित्राशी असते. आपल्याकडच्या मोठ्या संगणकसेवा कंपन्यांत नवख्या इंजिनिअरचा वार्षिक पगार दहा-बारा वर्षे साडेतीन लाख रुपयांच्या आसपासच घुटमळत राहिला. कायद्यातले ते गोठलेले ६०,००० डॉलर २०२३ च्या भावाने जवळपास पन्नास लाख रुपये होतात. तेथले घरभाडे आणि वैद्यकीय खर्च वजा केले, तरी मागे राहणाऱ्या शिल्लकीतून येथले शिक्षणाचे कर्ज फिटते, बहिणीचे लग्न होते, वडिलांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया होते. आईवडिलांना आकडा पन्नास लाखांचा दिसतो. मुलगा रात्री फोनवर सांगतो तोही तेवढाच. उरलेले, म्हणजे ज्याला तो केटी घेऊन आला त्या पन्नाशीच्या माणसाचा चेहरा, किंवा नऊ वर्षांत न घेतलेली बढती, तो सांगत नाही.

अलीकडे या सगळ्यात आणखी उलथापालथ झाली आहे. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी काढलेल्या घोषणेने देशाबाहेरच्या माणसासाठी नवा अर्ज करणाऱ्या मालकावर एक लाख डॉलरचे शुल्क बसविले. सोडतीत सर्वांची चिठ्ठी सारखी न धरता वेतनाच्या पायरीप्रमाणे वजन द्यावे, चौथ्या पायरीच्या अर्जाच्या चार चिठ्ठ्या आणि पहिल्या पायरीच्या अर्जाची एक, अशी योजनाही त्याच महिन्यात पुढे आली आणि वर्ष संपण्यापूर्वी तिचा नियम झाला. पाहुणा स्वस्त पडतो, ही तक्रार अशा रीतीने ऐकली गेली. नोकरी बदलता येत नाही आणि रांग सरकत नाही, या गोष्टींना मात्र तिने हात लावला नाही. दरम्यान काम स्वतःच इकडे येऊ लागले होते. १९९८ मध्ये हायटेक सिटीची पहिली इमारत उघडली, त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचे केंद्र या शहरात आले, आणि २०१९ मध्ये ॲमेझॉनने आपली जगातली सर्वांत मोठी कचेरी गच्चीबावलीच्या बाजूला बांधली. तेथे बसून अमेरिकेचे काम करणारा माणूस कोणत्याच प्रतिज्ञापत्रात नाही. त्याच्या पगाराची तेथल्या पगाराशी तुलना करावयाची, असे कोणत्याही देशाच्या कायद्यात लिहिलेले नाही.

मुलकी नियमांत, १९१९ च्या त्या फर्मानात, बाहेरून आलेल्याला सरकारी नोकरी हवी असेल तर एक अट होती. त्याने पंधरा वर्षे राज्यात वास्तव्य केलेले असावे, आणि आपल्या मूळ गावी परत जाण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञेवर लिहून द्यावे. ते नियम पुढे १९५२ आणि १९६९ च्या चळवळींत गाजले आणि १९७३ मध्ये रद्द झाले. अमेरिकेच्या बहुतेक तात्पुरत्या परवान्यांना याच्या उलट प्रतिज्ञा लागते, की आपण परत जाणार आहोत. एच-वन-बीला तेवढी १९९० च्या कायद्याने सवलत दिली आहे. तो अर्ज भरणाऱ्याच्या मनात राहण्याचा आणि परत जाण्याचा असे दोन्ही हेतू एकाच वेळी असले तरी चालतात. चिलकूरला प्रदक्षिणा घालणारी मुले त्या अर्जावर सही करून आलेली असतात, आणि त्यांच्या आया कठड्याशी उभ्या राहून फेऱ्या मोजीत असतात.